नमुन्याची श्रद्धांजली

पुसलेला फोटो परत आला होता. तीच पांढरी टोपी, तेच नुकती दाढी केलेले गाल, आणि खाली काळ्या चौकटीत तोच मजकूर: ‘कै. बबनराव गावंडे यांना विजयादशमीच्या दिवशी अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली. भावपूर्ण श्रद्धांजली.’

निशिगंधानं माउसवरचा हात काढून घेतला. बाहेर ओसरीत तिचे बाबा, बबनराव, बरबटीच्या शेंगा सोलत बसले होते. शेंग मोडल्याचा बारीक आवाज आत येत होता, तेवढाच तिला धीर. पोळा नुकताच झाला होता. दसरा अजून यायचा होता.

निशिगंधा नागपूरच्या एका कंपनीचं काम आर्णीजवळच्या या गावात घरी बसून करायची. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवायचं नाही, म्हणून ती परत आली होती. सध्याचं काम एका बातम्यांच्या वेबसाइटचं होतं. लोकांनी श्रद्धांजलीचा मजकूर घरूनच भरावा आणि तो दिलेल्या तारखेला आपोआप दिसावा, असं प्लगइन तिला बनवायचं होतं. साइटला वरून जोडायचा एक छोटा प्रोग्राम. खऱ्या साइटला धक्का लागू नये म्हणून तिनं आपल्या लॅपटॉपमध्ये कंटेनर उभा केला होता. कंटेनर म्हणजे बंद पेटीच. आत साइटची हुबेहूब नक्कल. तिथं काहीही मोडा, फोडा, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही.

नमुन्यासाठी एक मेलेला माणूस हवा होता. आधी तिनं खोटंच नाव टाकलं. पण फोटोही लागणार होता, वयस्क माणसाचा, सरळ समोर बघणारा. तसा तिच्या फोनमध्ये एकच होता. उन्हाळ्यात बाबा आर्णीच्या स्टुडिओत जाऊन काढून आले होते. "हा ठेव तुह्या फोनात, चांगला आला," एवढंच म्हणाले होते. कशाला काढला, हे तिनं विचारलं नव्हतं. फोटो लावला आणि मग बोटांनी नावही त्यांचंच लिहिलं. तारीख पुढची हवी होती, तर पहिला सण डोक्यात आला तो दसरा. बाकीचा मजकूर पेपरात असतो तसा.

लिहिलेलं लगेच पुसावंसं वाटलं होतं. काम झालं की पुसू, असं म्हणून तिनं ते तसंच ठेवलं.

आणि त्या दिवसापासून तिला बाबांकडे नीट बघवेना. ते ताटात अर्धी भाकर ठेवून उठायचे, आणि तिला वाटायचं, आपण लिहिलं म्हणून. वावरातून येताना नीमाच्या झाडाखाली टेकायचे, आणि तिला वाटायचं, आपण लिहिलं म्हणून. शिकलीसवरलेली पोर, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता तिचा. तरी ते खोकले की तिची बोटं आपोआप थांबायची.

आज प्लगइन चाललं, म्हणून तिनं आधी तो मजकूर पुसला. पान रिकामं झालं. मग जुना कंटेनर मोडून नवा उभा केला, पान उघडलं, तर बाबा परत तिच्याकडे बघत होते.

तिनं रजतला फोन लावला. कंपनीत तो तिच्या वरचा.

"पुसलं तरी परत येतंय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

रजत हसला. "अगं, भूत नाही ते. सुरुवातीला तू तो मजकूर मूळ डेटात ठेवलास. पेटी कितीही वेळा मोड, नवी पेटी त्याच डेटातून भरली जाते. तिथून काढ, संपलं."

कारण कळलं. भीती मात्र होती तिथंच राहिली. तिनं मूळ डेटाची फाइल उघडली आणि बाबांच्या नावाची ओळ शोधू लागली. बाजूला श्रद्धांजलीचं पान तसंच उघडं होतं. ओसरीतला आवाज कधी थांबला, तिला कळलंच नाही.

"काय वं, जेवत नाही का आज?"

बबनराव सोललेल्या बरबटीची टोपली काखेत घेऊन तिच्या मागं उभे होते. तिनं लॅपटॉप मिटायला हात नेला. त्यांनी तिचा हात हलकेच धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरच्या अक्षरांखालून सरकवत वाचायला लागले. स्वतःचं नाव वाचलं. पुढचं वाचलं. ‘अल्पशा आजाराने’वर बोट जरा थबकलं.

"बाबा, हे खरं नोहे," ती घाईघाईनं म्हणाली. "कामाचा नमुना हाय. मी काढूनच राह्यली होती. माह्या लॅपटॉपच्या बाहेर कोणालेच दिसत नाही हे. आईशप्पथ."

ते रागावले नाहीत. घाबरलेही नाहीत. टोपली खाली ठेवून ते खाटेवर बसले, फार लांबून चालत आल्यासारखे. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पोरीले सांगू नका म्हणून म्या त्या डॉक्टरचे पाय धरले होते," ते म्हणाले. मग पुन्हा पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत, हळू आवाजात, "पण तुले त्यानं दसरा सांगतला का वं? मले त संक्रांत म्हणे."