नापास करण्याची शिकवणी

"इथे वजा करायचं," कमलिनीने बिनदिक्कत सांगितलं आणि विद्याधरने वजा केलं.

तिथे मिळवायचं असतं, हे कमलिनीला पक्कं ठाऊक होतं. विद्याधरला ते कुठून कळणार? तो मऊरानीपूरहून रोज पॅसेंजरने झाशीच्या कॉलेजात येई, पॅसेंजर रोज लेट होई, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं कॅलक्युलस नेमकं पहिल्या तासाला असे. वर्ष सरत आलं तरी त्या प्रोफेसरांचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं.

ही शिकवणी लावली होती कमलिनीच्या वडिलांनी. गोपाळराव रेल्वेत गार्ड. विद्याधरशी कमलिनीचं लग्न जवळजवळ ठरलेलंच होतं. झाशीच्या आसपास मराठी घरं ती किती, त्यात पत्रिका जुळणारी किती! पण गोपाळरावांनी चारचौघांत मिशीवरून हात फिरवत सांगून टाकलं होतं, "नापास पोराला मी मुलगी देणार नाही." आता शब्द तर गेला. मुलगा हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी तो मुलीच्याच हवाली केला.

कमलिनीला हे लग्न नको होतं. तिला गणितात एम.ए. करायचं होतं, आणि विद्याधरच्या आईने आधीच कळवलं होतं की सुनेच्या हातात लाटणं शोभतं, पुस्तक नाही. विद्याधर नापास झाला की काम फत्ते.

ती स्वतः घरी शिकून, प्रायव्हेट, तीच परीक्षा देत होती. कॉलेज नाही, मास्तर नाही. पुस्तकाची सुरुवातीची पानं तिने ओलांडूनच टाकली; ती मंद लोकांसाठी असतात. शेवटी छापलेली उत्तरं जिथे तिच्या उत्तरांशी जुळत नसत, तिथे ती पेन्सिलीने दुरुस्त करी.

"छापणाऱ्यांना काडीची अक्कल नाही," ती आईला सांगे.

इंदिराबाई तांदूळ निवडता निवडता कौतुकाने मान डोलवत.

विद्याधरसाठी मात्र ती दुप्पट खपे. आधी गणित स्वतः सोडवायचं, मग एकेक पायरी उलटी फिरवून त्याच्यापुढे मांडायची. घात वाढवायचा तिथे कमी. अधिक तिथे उणे. कुणाला बुडवणं एवढं मेहनतीचं असतं, हे तिला आधी माहीत नव्हतं.

"कमलिनीजी, हे जरा अजीब नाही वाटत?" एकदा त्याने विचारलं.

"काय अजीब?"

"एवढा मोठा सवाल, आणि उत्तर एवढंसं!"

"शिकवतंय कोण? तुम्ही की मी?"

"तुम्ही, तुम्ही!" त्याने कान पकडले. "मी तर डोळे मिटून लिहितो."

"मग परीक्षेतही तस्संच लिहा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

"बघा तरी," इंदिराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "किती जीव लावून शिकवते पोर."

परीक्षा झाली. विद्याधर नाचतच आला. "सगळे सवाल तेच! तुम्ही सांगितलं तसंच लिहून आलो."

कमलिनीला त्याची दया आली. तसा वाईट नव्हता बिचारा. तिने त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, एकावर आणखी एक. तिचा स्वतःचा पेपर असा गेला होता की पुरवण्या देता देता पर्यवेक्षक घामाघूम झाले होते.

"बाबा, एम.ए.ची पुस्तकं आत्ताच बघून ठेवा," तिने सांगून टाकलं.

जूनमध्ये निकाल लागला. गोपाळराव ड्यूटीवर निघायला टोपी घालत होते, तोच विद्याधर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर.

"पास?" गोपाळरावांनी विचारलं.

"पास काय, काका! कॅलक्युलसमध्ये कॉलेजात पहिला! सरांनी बोलावून विचारलं, अरे, माझ्या तासाला तर तू कधी दिसला नाहीस, एवढं पक्कं केलंस कुणाकडून?"

इंदिराबाई हळदीकुंकू आणायला आत धावल्या. गोपाळरावांनी टोपी काढून जावयाला मिठी मारली. कमलिनी भिंतीला टेकली.

"आणि हिचं काय?" गोपाळरावांनी विचारलं.

विद्याधरने मान खाली घातली. "त्यांना त्याच पेपरात शून्य आहे, काका. पण तुम्ही फिकीर करू नका. सर म्हणाले, पुढच्या वर्षी तिला तूच शिकव."