शेडच्या मागे

जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतलं शिसं पुन्हा वापरणारा पुरवठादार मृणालिनीच्या कंपनीला हवा होता. त्यासाठी कारखाने बघून बघून ती थकली होती. हा शेवटचा. केबिन चकचकीत, मालक गोडबोल्या.

हात धुवायला ती शेडच्या मागे गेली, तर एक बाई उघड्या हातांनी बॅटरी फोडत होती. बोटांची सालं निघालेली.

"मॅडम, आमचा कारखाना नाकारू नका हो," बाई म्हणाली. "काम गेलं तर खायचं काय?"

मृणालिनी केबिनमध्ये परतली. "ऑर्डर देते. पण आधी बॅटऱ्या फोडायचं मशीन आणा आणि त्यावर शेडमागच्या त्या बाईंनाच कामाला ठेवा."

मालकाचा आवाज बदलला. "मग दुसरा कुणी बघा."

"बघितले सगळे," ती खुर्चीत टेकली. "पण शेडच्या मागे कुठेच गेले नव्हते. उद्यापासून त्या सगळ्यांकडे पुन्हा जाईन, शेडमागे बघायला. आज तुमचं ठरवू."