तळाची नोंद
करकना बेटाभोवती समुद्रगवत कुठं कितपत उरलंय ते बघायला आलेल्या दोर्साफनं मबरूकच्या होडीतून कॅमेरा तळाशी सोडला. पडद्यावर गवत आलं, वाळू आली आणि मग एका बुडालेल्या होडीचं निळं टोक. त्यावरचं नाव मबरूकनं स्वतःच रंगवलं होतं. “सालहा,” दोर्साफनं वाचलं. “काका, कुणाची ही?” “काय की! तू आपलं गवत लिही.” “दिसेल ते सगळं लिहावं लागतं.” मबरूकनं कॅमेऱ्याची दोरी घट्ट धरली. “पोरी, ह्या होडीतून माझा लेक इटलीला गेलाय. त्याची आई रोज त्याच्या फोनची वाट बघते. गवतच लिही.” तिनं गवत लिहिलं. घरी मबरूकची बायको सालहा दारातच उभी होती. “आजही नाही आला फोन. कामाला लागला असेल, नाही हो?” “लागलाच असेल,” मबरूक म्हणाला. “फोन चार्जिंगला लाव. ऐनवेळी बंद पडायचा.”