मागणं

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी गेली आणि महिन्याभरात झटका येऊन दीनानाथांचा उजवा हात लुळा पडला. बेकारीची मदत घेताना ‘काम करू शकतो’ म्हणायचं आणि अपंगत्वाच्या मदतीसाठी ‘हात हलत नाही’ म्हणायचं, याची त्यांच्या बायकोला, सविताला, फार लाज वाटे. पण पहिली मदत संपत आली होती आणि पुढे घर चालायचं ते दुसरीवरच.

हात बरा होईपर्यंत ती एकभुक्त राहत होती. रोज दिवा लावून देवीकडे तेच एक मागणं.

आज अपंगत्वाची मदत ठरवणाऱ्या बाई तपासणीला घरी आल्या. “अंकल, ट्राय लाह. स्लोली,” त्या सिंगापुरी ढंगात, मायेने म्हणाल्या. सविता देवघराकडे वळली आणि हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली.

“अगं सविता, इकडे बघ तरी!”

तिने वळून पाहिलं. दीनानाथांचा हात चक्क डोक्याच्या वर गेला होता.

“पावली गं तुझी देवी! सोड आता उपास,” ते लहान मुलासारखे हसत होते.

सविताला देवघराकडे बघवेना.

 

आत्ता, डोळे मिटून, तिने पहिल्यांदाच उलटं मागितलं होतं: “आई, आजचा दिवस तो हात उठू देऊ नकोस.”