करवंदीच्या जाळीत

ईशानीची केशरी डिस्क वाऱ्याने फिरली आणि टोपलीकडे जायचं सोडून थेट करवंदीच्या जाळीत शिरली. डिस्क गोल्फच्या, म्हणजे कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत टाकायच्या खेळाच्या, अंतिम सामन्यातली ही शेवटची टोपली, आणि ती व प्रमिलाताई बरोबरीत. शोधायला तीनच मिनिटं. नाही सापडली तर दंडाची एक फेक वाढणार, म्हणजे सामना गेल्यातच जमा.

ती काठीने जाळी झोडपत सुटली. काटे हात ओरबाडत होते, घामाने डोळे चुरचुरत होते. प्रत्येक सुकलेलं पान केशरी वाटत होतं. प्रतिस्पर्धी प्रमिलाताईही शोधायला आत शिरल्या होत्या, पण मघापासून एकाच जागी वाकून उभ्या. ईशानीच्या डोक्यात सणक गेली.

"ताई, पाय उचला जरा!"

प्रमिलाताईंनी पाय उचलला. खाली मातीच होती. पोटरीत रुतलेला काटा त्या काढत होत्या.

"वेळ संपली," पंच म्हणाले.

सामना प्रमिलाताईंनी जिंकला. ईशानी त्यांच्याशी नजरही न मिळवता तरातरा टेकडी उतरली. खाली नळावर हात धुताना तिने वर पाहिलं. बक्षिसासाठी सगळे इकडे खाली मांडवात जमले होते, आणि प्रमिलाताई अजून वर त्या जाळीतच.

ती धापा टाकत परत वर गेली. "ताई, सामना संपला ना! आता कशाला शोधताय?"

"सामना संपला गं," काट्यांतून हात न काढता त्या म्हणाल्या, "पण डिस्क तुझीच आहे ना? ये, तू त्या बाजूने बघ."