काकूंच्या पायाशी

"काकूंनी परत ब्रेक दाबला. रस्ता तर मोकळा होता!" मागच्या सीटवरची मुलगी मैनाच्या कानाशी कुरकुरली.

मैनाने तिला कोपराने गप्प केलं. बायकांना ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या या शिकाऊ गाडीत, शेजारी बसून शिकवणाऱ्या काकूंच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि वस्तीतल्या कितीतरी पोरी त्याच्या भरवशावर ड्रायव्हर झाल्या होत्या. मैना तर आता शाळेची बस चालवायची आणि सुट्टीला इथे मदतीला यायची.

स्वतः शिकायला आली त्या पहिल्या दिवशी मैना रडवेली होऊन म्हणाली होती, "काकू, मी धुणीभांडी करणारी. मला कसलं जमतंय हे?" काकू निवांत शेंगा सोलत म्हणाल्या, "मग काय झालं? क्लच सोड." पुढे बाजारातून, उतारावरून, म्हशींच्या घोळक्यातून मैनाने गाडी नेली, पण काकूंनी ब्रेकला पाय म्हणून लावला नाही. "लावला असता, तर जन्मभर माझ्या पायावर चालवली असतीस," असं वर म्हणाल्या.

गचकन गाडी पुन्हा थांबली.

"कुठून आलं मेलं हे कुत्रं! गेलं का गं?" काकूंनी विचारलं. समोर काळी प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने लोळत होती.

"गेलं, काकू," चालवणारी मुलगी नेहमीसारखं म्हणाली. खरं बोललं तर काकूंची ही जागा जाणार, आणि या जागेवाचून त्यांना दुसरं होतं तरी काय?

मैनाने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काकू, कुत्रं नव्हतंच. तुम्हाला आता दिसत नाही."