मापाची पद्धत

"ही पायरी तुम्ही खरंच करता?" सल्लागाराने फळ्यावर बोट ठेवून विचारलं.

'एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं', असं तिथे लिहिलं होतं. प्रोग्रामर एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी एकजण म्हणाला, "वेळ मिळाला तर."

"आणि मिळतो?"

सगळे हसले. सल्लागारही हसला. माणूस वाईट नव्हता. महिनाभर त्यांच्यात बसून त्याने त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. "पद्धत अंगाच्या मापाची हवी. ही पुस्तकातली तुम्हाला ढगळ होतेय," असं म्हणत त्याने ती ओळ पुसली.

टेस्टर बाई उठली. सगळं तपासायला ती एकटीच होती. "सर, आपण करत नाही ही आपली खोड आहे. तिचाच नियम करायचा?"

"होत नाही ते नुसतं लिहून ठेवण्यात काय अर्थ?"

"आपण दवाखान्यातल्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यातून माणसाच्या शिरेत औषध जातं."

"म्हणून तर तुम्ही आहात ना!" कंपनीचे साहेब म्हणाले. "तुमच्या नजरेतून काही सुटतं का?"

पुन्हा हशा पिकला. ती खाली बसली. मग सल्लागाराने तिच्या तपासणीचे दिवसही निम्म्यावर आणले, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

पुढची आवृत्ती ठरल्या दिवशी बाहेर पडली. असं आजवर घडलं नव्हतं. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिने जमेल तेवढं तपासलं होतं. टाळ्या तिनेही वाजवल्या.

काही दिवसांनी दुपारी तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. ताई शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती.

"अगं, तुमचं नवं सॉफ्टवेअर चढलं आमच्या पंपांवर. सोपं केलंत बाई! आधी डोस जास्त वाटला की पंप अडून बसायचा, 'खात्री आहे का?' म्हणून. आता काही विचारतच नाही. आकडा घातला की औषध सुरू."

ती खुर्चीवरून उठली. तो प्रश्न काढायचं कुणीच ठरवलं नव्हतं.

"ताई, ऐक. पंप बंद कर. आत्ताच्या आत्ता."

पलीकडे मागे कुठेतरी यंत्रं एका लयीत वाजत होती.

"कुठला बंद करू गं?" ताईचा आवाज उतरला. "सगळ्या वॉर्डांत तेच लागलेत."